पोते आणि पाठ

दिवाळी आली की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात दोन प्रकारचे धूर दिसू लागतात. एक फटाक्यांचा, तो चार दिवसांत विरतो. दुसरा साखर कारखान्यांच्या धुराड्यांचा. तो पुढे काही महिने आमची सोबत करतो. गळीत हंगाम हा आमचा दुसरा सणच. त्याचेही दिवस ठरलेले आहेत. आधी बॉयलरचे अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी साखर पोती पूजन. नव्या साखरेची पहिली काही पोती ओळीने उभी करतात. त्यांना हळदकुंकू लागते, हार पडतात, नारळ फुटतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. त्याखाली अध्यक्षांपासून संचालकांपर्यंत सर्वांची नावे डावीकडून उजवीकडे छापलेली असतात. मधोमध हार घालून उभ्या असलेल्या उत्सवमूर्तीबद्दल मात्र एक अक्षर नसते.

‘दिवाळी अंकासाठी काहीतरी गोड लिहा’ असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा हे छायाचित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. गोडाविषयी पुष्कळ जण लिहितात. गोड ज्याच्यात भरले जाते, त्याच्याविषयी कोण लिहिणार? तेव्हा वाचकहो, यंदाच्या फराळात माझ्याकडून एक पोते गोड मानून घ्यावे.

मराठीचा मास्तर कशालाही हात घालायचा झाला तरी आधी शब्दाला घालतो. पोत्याला आपल्या भाषेत नावे थोडीथोडकी नाहीत. त्यांत ‘गोणी’ हा शब्द सर्वांत वडीलधारा. तो पाणिनीच्या सूत्रांत आहे. म्हणजे निदान दोन हजारांहून अधिक वर्षे हा देश गोणी भरतो आहे आणि वाहतो आहे. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोण्या घेऊन वणजाऱ्यांचे तांडे घाट चढत उतरत असत. इंग्रज इथे व्यापाराला आले आणि परत जाताना हा शब्दही घेऊन गेले. त्यांच्या भाषेतली ‘गनी बॅग’ म्हणजे आपली गोणीच, फक्त टोपी घातलेली. व्यापाऱ्यांचा ‘बारदान’ हा शब्द फारसीतला. ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘दान’ म्हणजे ते ठेवण्याची जागा. पानदान, अत्तरदाणी यांच्याच कुळातला. ओझे वाहणारा ‘हमाल’ अरबीतून आला आणि त्याच्याही मुळाशी ओझेच आहे. ‘माथाडी’ हा तर आपला घरचा शब्द; माथ्यावर वाहतो तो माथाडी. तात्पर्य काय, या कुळातला कुठलाही शब्द उचलून पाहा, त्याच्याखाली एक पाठ किंवा एक डोके सापडते. पोत्याची गोष्ट ही पाठीची गोष्ट आहे, हे भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक होते.

माझ्या लहानपणीचे पोते तागाचे. ते बंगालमधून येई. हुगळीकाठी रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे साऱ्या हिंदुस्थानचे धान्य, साखर, सिमेंट त्या कापडात बांधले गेले. आमच्याकडे गुळाला पोते लागत नसे. गुळाचा रवा आपल्या अंगाने उभा राहतो. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाचे रवेच्या रवे रचलेले असत. पण साखर म्हटली की पोते आलेच, आणि साखरेचे पोते म्हणजे एक क्विंटल, शंभर किलो. हा हिशेब इतका अंगवळणी पडला की साखरेचे पोते पन्नास किलोंचे झाल्यानंतरही कारखान्याने ‘इतकी लाख पोती’ साखर काढली असे वाचले, की माणसे मनात क्विंटलच धरतात.

त्या पोत्याचा संसार मोठा होता. साखर संपली की ते घराघरांत जाई. पावसात एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन माणसे भातलावणीला जात. दारात पायपुसणे म्हणून ते पडे. शाळेत मुले बसायला ‘बस्कर’ नेत, ते पुष्कळदा गोणपाटाच्या तुकड्याचेच असे. अगदी जीर्ण झाले की गोठ्यातल्या वासराच्या पाठीवर चढे आणि शेवटी उकिरड्यात जाऊन त्याचे खत होई. ते कुठेही गेले तरी त्याचा तो खास वास बरोबर जाई. तागाचे तंतू मऊ करण्यासाठी गिरणीत त्यांना तेल पाजतात, त्याचा तो वास. साखरवाल्यांना मात्र तो कधीच आवडला नाही. साखरेला वास लागतो, साखरेत तूस मिसळते, दमट हवेत पोते ओल धरते, अशी त्यांची तक्रार असे.

आज ते पोते जवळजवळ दृष्टीआड झाले आहे. खेड्यात प्लॅस्टिकचे पोते प्रथम आले ते बहुधा खताचे. मग सिमेंटचे, पशुखाद्याचे, साखरेचे. पांढरेशुभ्र, हलके, वर रंगीत अक्षरे छापलेले. तागाच्या पन्नास किलोंच्या पोत्याचेच वजन अर्ध्या किलोहून अधिक भरते. हे नवे पोते सव्वाशे ग्रॅमच्या आगेमागे. हे बनते तरी कसे, याचे मला कुतूहल होते. ते पुरवले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. बी. ए.ला त्याने मराठी घेतले होते आणि आज तो जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत पोत्यांचा कारखाना चालवतो. ‘मराठी घेऊन पुढे करणार काय?’ असे विचारणाऱ्या पालकांना मी हल्ली त्याचे उदाहरण देतो.

कारखान्याच्या दारातच साबुदाण्यासारखे दिसणारे दाणे रचून ठेवले होते. हे पॉलिप्रॉपिलीन. खनिज तेल शुद्ध करताना जे वायू निघतात, त्यांतल्या एकापासून हे करतात. इटलीतील मिलान येथे जूलिओ नाट्टा या रसायनशास्त्रज्ञाने १९५४ साली या वायूचे रेणू शिस्तीने एकापुढे एक गुंफून दाखवले, आणि १९६३ साली जर्मनीच्या कार्ल त्सीगलर यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मिलानच्या प्रयोगशाळेतला तो पदार्थ आज आमच्या शिवारात युरिया घेऊन बांधावर बसलेला असतो. विद्येचा प्रवास असा असतो.

हे दाणे यंत्रात दोनशे अंशांच्या वर तापून वितळतात आणि एका लांबलचक फटीतून पातळ पडद्यासारखे खालच्या पाण्याच्या हौदात उतरतात. पाण्यात पडदा गोठतो. पुढे पात्यांची एक रांग त्याच्या अरुंद पट्ट्या कापते. इथपर्यंत त्या पट्टीत काही राम नसतो. हाताने ओढली तर रबरासारखी लांबते. खरे मर्म त्यापुढे आहे. पट्ट्या तापलेल्या भट्टीतून पुढच्या रुळांवर जातात आणि हे पुढचे रूळ मागच्यांपेक्षा पाच-सहा पट वेगाने फिरत असतात. पट्टी पाच-सहा पट ताणली जाते. विस्कटलेले केस फणीने विंचरावेत तसे तिच्या पोटातले रेणू ओढीच्या दिशेने सरळ होतात, आणि मघाची लेचीपेची पट्टी अशी चिवट होते की बोटाला गुंडाळून ओढली तर बोट कापेल, पण ती तुटणार नाही.

“सर, ताणल्याशिवाय ताकद येत नाही,” विद्यार्थी म्हणाला.

“माणसाचंही तसंच आहे,” मी म्हणालो. मास्तरांना असली वाक्ये फार लवकर सुचतात.

“पण ताण किती द्यायचा याचं माप असतं, सर,” तो म्हणाला. “मापाबाहेर ताणली, की पट्टी उभी चिरते. मग तिचं काहीच होत नाही.”

विद्यार्थ्याने मास्तराला गप्प करावे, यासारखा आनंद दुसरा नाही. मी गप्प झालो.

पुढच्या दालनात माग होते. मागाची खडखड कोल्हापूर जिल्ह्याला नवी नाही. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत यंत्रमाग आणला आणि त्या गावाचे नशीब बदलले. तिथला मुलगा चालायला लागायच्या आधी ताणा, बाणा, धोटा, कांडी हे शब्द ऐकतो. इथेही तेच सारे आहे. फरक इतकाच की हा माग गोल आहे. ताण्याच्या शेकडो पट्ट्या चहूबाजूंनी वर चढतात आणि त्यांच्यामधून चार किंवा सहा धोटे एकामागून एक रिंगणात धावत बाण्याची पट्टी विणत जातात. इचलकरंजीचा धोटा जातो आणि परत येतो; हा परत कधी येतच नाही, घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. त्यामुळे कापड सपाट निघत नाही, नळीसारखे निघते. त्याला बाजूला शिवणच नसते. नळी कापायची, तळाला शिवायची, वर अक्षरे छापायची, साखरेसाठी असेल तर आत पातळ पिशवी घालायची, की पोते तयार. पोते फाटते ते बहुधा शिवणीत. म्हणून जितक्या शिवणी कमी, तितके पोते भरवशाचे.

हे पोते कुजत नाही, त्याला कसर लागत नाही, ओल धरत नाही. त्याचा एकच वैरी, सूर्य. उन्हापासून जपणारे द्रव्य दाण्यांबरोबर घातले नसेल, तर काही महिने उन्हात पडलेले पोते हातात धरताच भुगा होऊन गळते. मग त्या पट्ट्यांचे धागे वाऱ्यावर शेतभर होतात. तागाचे पोते मातीत जाऊन माती होई. हे मातीत जाते आणि तसेच राहते. गोळा करून पुन्हा वितळवले तर त्याचे परत दाणे होतात, पण त्यासाठी ते आधी बांधावरून उचलावे लागते, आणि आपल्याकडे टाकलेली वस्तू उचलणे हे नेहमी दुसऱ्याचे काम असते.

तागाची बाजू घेणारा एक कायदाही आहे. १९८७ साली संसदेने ठराविक माल तागाच्याच पोत्यांत भरावा असा कायदा केला. पूर्वी साखरेलाही तो पुरता लागू असे. पुढे सूट वाढत गेली आणि अलीकडच्या सरकारी आदेशांनी धान्य शंभर टक्के, पण साखर फक्त वीस टक्के तागात भरायची, असे ठरले. आमचे साखरवाले या वीस टक्क्यांवरही कुरकुर करतात. परंतु त्या वीस टक्क्यांच्या दुसऱ्या टोकाला बंगाल, बिहार, आसामातला ताग पिकवणारा शेतकरी उभा आहे. सुमारे ४० लाख कुटुंबे तागावर जगतात असे सरकारच सांगते. ऊस पिकवणाऱ्याने ताग पिकवणाऱ्याला ओझे म्हणावे, हे काही बरे नव्हे. पोत्याच्या प्रश्नात कुणाची ना कुणाची पाठ येतेच, ती अशी.

पण मला ज्या गोष्टीने खरे अडवले, ती कारखान्याच्या शेवटच्या दालनात होती. तिथे एक पिशवी टांगलेली होती. पिशवी कसली, लहानशी खोलीच. चार कोपऱ्यांना चार भक्कम बंद. हिला जंबो बॅग म्हणतात. हिच्यात एक टन माल मावतो, क्वचित त्याहूनही अधिक. रसायने, खनिजे, ओतकामाला लागणारी माती असला माल हिच्यातून फिरतो. आपल्या देशातून ती परदेशी पुष्कळ जाते. हिला माणूस उचलत नाही. ते चार बंद यारीच्या आकड्यासाठी असतात.

“हिची परीक्षा फार कडक असते, सर,” विद्यार्थी अभिमानाने सांगू लागला. “एक टनाची पिशवी आम्ही एक टनाला तपासत नाही. आधी दोन टनांचा भार देऊन तीस वेळा उचलायची. तरी टिकली, तर मग भार वाढवत पाच टनांपर्यंत न्यायचा. पाच टनांच्या आत फाटली, तर नापास. एकदाच वापरायच्या पिशवीला पाचपट ताकद हवी. पुन्हा पुन्हा वापरायची असेल, तर सहापट.”

एवढ्यावरच ही काळजी संपत नाही. बारीक भुकटी पिशवीतून घसरताना विजेची ठिणगी पडू शकते, म्हणून काही पिशव्यांच्या कापडात वीजवाहक धागे विणतात आणि भरताना त्यांची टोके जमिनीला जोडतात. ऊन किती सोसेल, शिवण किती ताण घेईल, बंद कुठे तुटेल, या प्रत्येक गोष्टीला माप आहे आणि त्या मापाचा कागद आहे. ज्या पिशवीवर एक टन घालायचा, ती पाच टन पेलते हे सिद्ध झाल्याखेरीज तिच्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. या पाचपटीला ते सुरक्षागुणक म्हणतात. शब्द मला आवडला. इतका नेमका शब्द आम्हां भाषेच्या माणसांना सुचला नसता.

परतताना काही कामानिमित्त बाजार समितीच्या आवारात थांबलो. एका मालमोटारीतून पोती उतरत होती. पन्नास-पन्नास किलोंची ती पांढरी पोती. पन्नाशी उलटलेला एक हमाल फळीशी पाठ लावून उभा राही. वरचा माणूस त्याच्या पाठीवर एक पोते सोडी आणि त्यावर दुसरे. दोन पोती घेऊन तो वाकून, भराभर पावले टाकीत गोदामात जाई. डोक्यातून सुरक्षागुणक अजून गेला नव्हता. तो पाणी प्यायला बसला तेव्हा मी विचारले, “पोतं पन्नासाचं झालं ते बरं झालं. मग दोन-दोन का उचलता?”

तो हसला. “पोत्यावर पैसं हाईत, गुरुजी. पोतं निम्मं झालं, दर बी निम्मा झाला. एक-एक नेलं तर खेपा दुप्पट. गुडघं तेवढंच हाईत.”

वाचकहो, शंभर किलोंचे पोते पन्नासांवर कसे आले, ही गोष्ट प्लॅस्टिकच्या शोधापेक्षा कमी महत्त्वाची नाही. ते कापडामुळे आले नाही. कापडाचे काय, ते शंभरही पेलते. ते माणसांनी मागितले म्हणून आले. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा जिथे ५५ किलोंहून अधिक असेल, तिथे ती शक्य तितक्या लवकर ५५वर आणावी. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. ज्यांना कुणी मालक नव्हता आणि म्हणून ज्यांची जबाबदारी कुणावरच नव्हती, अशा माणसांना त्या कायद्याने मंडळ दिले, भविष्यनिर्वाह निधी दिला. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्ये वेचली. पोत्याचे वजन उतरवा, ही मागणी हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली. तेव्हा कुठे पोते निम्मे झाले.

आता ते दोन आकडे शेजारी मांडून पाहू. पिशवीवर आपण तिच्या ताकदीच्या एक पंचमांश भार घालतो. क्विंटलचे पोते वाहणाऱ्या माणसावर आपण, जगातल्या जाणत्यांनी सुचवलेल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट भार घालत होतो. आणि दोन पोती एकदम उचलायला लावणारी मजुरी ठेवून अजूनही घालतो आहोत. पिशवी फाटली तर माल सांडतो, दावा लागतो, गिऱ्हाईक तुटते. म्हणून तिच्यासाठी पाचपट. माणसाची पाठ मोडली तर माल सांडत नाही. दुसरा माणूस येतो.

याच हिशेबाची आणखी एक नोंद मला सापडली. २०१८ साली युरियाचे पोते पन्नासांवरून ४५ किलोंचे झाले. वाचून बरे वाटले. पण तो निर्णय पाठीसाठी नव्हता. शेतकरी पोत्याच्या हिशेबाने खत टाकतो, तेव्हा पोतेच लहान केले तर युरिया कमी पडेल, असा तो विचार होता. जमिनीच्या प्रकृतीसाठी पोत्यातून पाच किलो कमी करता आले. उद्देश चांगलाच होता. पण यावरून एवढे दिसते, की पोत्याचे वजन ही काही आकाशातून पडलेली गोष्ट नाही. ते ठरवणारी माणसे असतात, आणि मनात आणले की ती ते बदलू शकतात.

कुणी म्हणेल, मास्तर, आता जंबो बॅग आली, यारी आली, सरकते पट्टे आले; हमालाचा प्रश्न आपोआप मिटेल. प्रश्न असे आपोआप मिटत नसतात. यारी आली की ओझे जाते, हे खरे. पण ओझ्याबरोबर मजुरीही जाते, आणि पन्नाशीच्या हमालाला यारी चालवायला कुणी शिकवत नाही. मग तो यारी नसलेल्या गोदामात जातो आणि दोन-दोन पोती उचलतो. यंत्राने पाठ वाचवायची असेल, तर यंत्राची दांडी त्याच पाठीच्या माणसाच्या हाती आली पाहिजे.

आणि साखर पोत्यात पडण्याच्या आधीचे काय? ती पोत्यात येते उसातून आणि ऊस येतो मोळीतून. बीडकडून आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून आलेली ऊसतोड माणसे, नवरा आणि बायको, ओल्या सरीतून मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत जातात आणि फळीवरून वर चढतात. मोळीचे वजन कुणी छापत नाही. तिला मानक नाही, परीक्षा नाही, गुणक नाही. बाईच्या डोक्यावरची मोळी किती किलोंची असावी, हे कोयता आणि गरज मिळून ठरवतात. ही माणसे रानात ज्या खोपीत राहतात, तिच्यावर पुष्कळदा आमचीच जुनी पोती उसवून, जोडून घातलेली असतात. पोते तिथे पुन्हा एकदा टिकाऊ ठरते.

‘टिकाऊ’ हा शब्द त्या कारखान्याच्या माहितीपत्रकात पाच वेळा आला आहे. शब्द मोजण्याची माझी सवय जुनी आहे. पोत्याने टिकाऊ असावे, यात वाद नाही. पण पोते टिकाऊ करण्यासाठी जितकी बुद्धी आपण खर्च केली, तिचा शतांश जरी ते उचलणाऱ्याला टिकवण्यासाठी केला असता, तर बाजारात पन्नाशीच्या माणसाला गुडघ्यांचा हिशेब मांडावा लागला नसता.

काय करता येईल? मी काही यंत्रज्ञ नव्हे. पण ज्या कोल्हापूरच्या कारागिरांनी ओतकामात देशात नाव मिळवले, तेलावर चालणारी इंजिने बनवून शेतकऱ्याची मोट थांबवली, त्यांना मालमोटारीच्या फळीपासून गोदामाच्या थप्पीपर्यंत पोते नेणारा, चार हमालांनी मिळून घ्यावा असा स्वस्त सरकता पट्टा करणे अवघड असेल, असे मला वाटत नाही. कारखान्यांच्या गोदामांत असले पट्टे आहेतच; ते बाजारापर्यंत आलेले नाहीत, एवढेच. दुसरे, मजुरी पोत्यावर असली तरी ती अशी बांधता येईल, की एका वेळी एकच पोते नेणाऱ्याचे नुकसान होणार नाही. यासाठी नोबेल पारितोषिक लागत नाही. बाजार समितीची एक बैठक लागते.

दिवाळीच्या करंजीत घालायला आपण जी साखर आणली, ती कारखान्याच्या गोदामातून मालमोटारीत, मोटारीतून व्यापाऱ्याकडे आणि तिथून आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात आली. म्हणजे आपल्या डब्यात पडण्याआधी तिचे पोते निदान तीन-चार पाठींवरून आले. त्यांतली एखादी पाठ पुढच्या वेळी आपल्या दुकानाच्या दारात उतरेल, तेव्हा एवढेच पाहावे, की तिच्यावर पोती किती आहेत. दोन असली, तर दुकानदाराला कारण विचारावे. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न दुकानदार सहसा विसरत नाही.